पॅरिसहून अजिंठ्याकडे : एका कलाविद्यार्थिनीचा प्रवास

(कलाशिक्षकांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कलाशाळेतील शिक्षण संपत आले की प्रत्येक विद्यार्थ्यापुढे दोन प्रश्न उभे राहतात. एवढ्या वर्षांत आपण काय मिळविले, हा पहिला प्रश्न; आणि यापुढे आपल्या हातून काय घडावयास हवे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्रमाणपत्रे आणि पदके देतात, निदान दिल्यासारखे भासवितात. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र कोणतीही परीक्षा देत नाही. ते विद्यार्थ्याला स्वतःच शोधावे लागते आणि पुष्कळदा ते शोधण्याचे राहूनच जाते. हात तयार झालेला असतो, पण तो कशासाठी तयार झाला हे उमगलेले नसते.

या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकवीस वर्षांच्या एका विद्यार्थिनीने सप्टेंबर १९३४ मध्ये एका पत्रात लिहून ठेवली आहेत. ते पत्र तिने युरोपातून आपल्या आईवडिलांना लिहिले होते. पॅरिसमधील शिक्षण पुरे करून तिला भारतात परतावयाचे होते आणि तिच्या परतण्याविषयी वडील साशंक होते. या विद्यार्थिनीचे नाव अमृता शेर-गिल. त्या पत्रात तिने जी वाट दाखविली, ती पॅरिसच्या चित्रशाळेतून निघून महाराष्ट्रातील अजिंठ्याच्या डोंगरापर्यंत येऊन पोचते. म्हणूनच या राज्यातील कलाशिक्षकांनी तिचा मागोवा घेणे अगत्याचे आहे.

जडणघडण

अमृताचा जन्म ३० जानेवारी १९१३ रोजी हंगेरीची राजधानी बुडापेस्ट येथे झाला. वडील उमरावसिंह शेर-गिल हे अमृतसरजवळच्या मजिठा येथील सरदार घराण्यातले. संस्कृत आणि फारसी या भाषांचे ते व्यासंगी होते आणि छायाचित्रणाचा त्यांना मोठा छंद होता. आई मारी आंत्वानेत ही हंगेरियन असून संगीताचे शिक्षण घेतलेली गायिका होती. पहिल्या महायुद्धाचा काळ या कुटुंबाने हंगेरीतच काढला. १९२१ मध्ये ते भारतात येऊन सिमल्यास स्थायिक झाले, तेव्हा अमृता आठ वर्षांची होती. चित्रे काढण्याची ओढ तिला लहानपणापासूनच होती.

१९२४ मध्ये आईने तिला काही काळ इटलीतील फ्लॉरेन्स येथील शाळेत घातले. पण तेथील कडक शिस्त तिला मानवली नाही आणि ती सिमल्यास परतली. तिला खरी दिशा दिली ती तिच्या मामांनी. एर्विन बाक्ताय हे भारतविद्येचे अभ्यासक. तरुणपणी त्यांनी चित्रकलेचेही शिक्षण घेतले होते. १९२७ मध्ये ते सिमल्यास आले आणि भाचीची चित्रे पाहून त्यांनी एक साधा सल्ला दिला : मनातल्या गोष्टी रंगविण्याऐवजी समोर बसलेले माणूस पाहावे आणि ते काढावे. सल्ला साधा खरा, पण कलाशिक्षणाचा पाया तोच आहे. घरातली आणि आसपासची माणसे समोर बसवून रेखाटण्याची जी सवय अमृताला या वयात लागली, ती अखेरपर्यंत टिकली.

पॅरिसमधील पाच वर्षे

मुलीच्या शिक्षणासाठी १९२९ मध्ये कुटुंब पॅरिसला गेले. अमृता त्या वेळी सोळा वर्षांची होती. आरंभी ग्रांद शोमिएर या चित्रशाळेत आणि पुढे एकोल द बोझार या फ्रान्सच्या राष्ट्रीय कलासंस्थेत लुसिएँ सिमाँ यांच्या हाताखाली तिने शिक्षण घेतले. मानवी देहाचा अभ्यास, कोळशाची रेखाटने, तैलरंगांचा वापर, प्रकाश आणि छाया यांची जाण या सर्व गोष्टी तिने तेथे आत्मसात केल्या. वर्गाबाहेरचे शिक्षणही तेवढेच मोलाचे होते. पॅरिसच्या संग्रहालयांत सेझान आणि गोगँ यांची चित्रे तिने बारकाईने पाहिली. आकाराला घट्टपणा कसा द्यावा हे तिला सेझानपासून कळले. सपाट रंगांच्या मोठ्या पटलांतून भाव कसा उभा करावा हे गोगँपासून कळले.

१९३२ मध्ये तिने ‘तरुणी’ या नावाने ओळखले जाणारे मोठे तैलचित्र रंगविले. समोरासमोर बसलेल्या दोन मुलींचे हे चित्र. त्यासाठी धाकटी बहीण इंदिरा आणि एक फ्रेंच मैत्रीण समोर बसल्या होत्या. या चित्राला पॅरिसच्या ‘ग्रां सलाँ’मध्ये सुवर्णपदक मिळाले आणि १९३३ मध्ये, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, अमृता त्या संस्थेची सहसदस्य म्हणून निवडली गेली. परदेशातून आलेल्या एका विद्यार्थिनीच्या दृष्टीने याहून मोठे यश कल्पिणे कठीण. त्या यशावर विसंबून पॅरिसमध्येच राहिली असती, तर व्यक्तिचित्रे रंगवून ती सुखाने नाव आणि पैसा मिळवू शकली असती, असे म्हणण्यास हरकत नाही.

परंतु याच सुमारास तिला भारताची ओढ अस्वस्थ करू लागली. आपले चित्रकार म्हणून जे काही भवितव्य आहे ते भारतातच आहे, असे तिला वाटू लागले. तिच्या एका प्राध्यापकानेही तिच्या रंगांची समृद्धी पाहून, पश्चिमेकडील करड्या चित्रशाळांत हिचे खरे स्थान नाही, पूर्वेकडील प्रकाशात ही फुलेल, असे भाकीत केल्याचे तिने पुढे सांगितले आहे.

एका पत्रातील आत्मपरीक्षण

आरंभी उल्लेखिलेले पत्र या पार्श्वभूमीवर वाचावयाचे आहे. मुलीला भारताविषयी आणि त्याच्या संस्कृतीविषयी खरी आस्था नाही, अशी वडिलांची समजूत होती. शिवाय तिच्या मोकळ्या वागण्यामुळे घराण्याच्या लौकिकाची चिंताही त्यांना वाटत होती. अमृता या गोष्टीने दुखावली, हे पत्रातून लपत नाही. तथापि तिने रागाने उत्तर दिले नाही. आपल्याला परत का यावयाचे आहे याचा तिने शांतपणे विचार केला आणि मुख्य कारण दिले ते आपल्या कलेच्या वाढीचे. आता आपल्याला स्फूर्तीचे नवे झरे हवेत, असे तिने कळविले.

पुढे तिने जे लिहिले आहे त्याचे मर्म असे : युरोपातील दीर्घ वास्तव्यामुळेच आपल्याला भारत गवसला. आधुनिक पाश्चात्त्य कलेच्या अभ्यासातूनच आपण भारतीय चित्रशिल्पांची थोरवी समजू शकलो. हे विपरीत वाटेल, पण युरोपात आलो नसतो तर अजिंठ्याचे एक भित्तिचित्र किंवा पॅरिसच्या गिमे संग्रहालयातील एखादे लहानसे शिल्प हे युरोपच्या संपूर्ण प्रबोधनकालीन कलेहून मोलाचे आहे, ही जाण आपल्याला कदाचित कधीच आली नसती.

एकवीस वर्षांच्या वयाला शोभणारा आवेश या तुलनेत आहे. प्रबोधनकालीन कलेचे मोल अशा एका वाक्याने कमी होत नाही, हे उघड आहे. पण या विधानातील तुलना बाजूला ठेवून त्यातील आत्मपरीक्षण पाहिले पाहिजे. एक म्हणजे, जे शिक्षण मिळाले त्याचे ऋण तिने नाकारले नाही. ज्या शिक्षणाने हात घडविला त्यानेच दृष्टीही दिली, हे तिने मान्य केले. दुसरे म्हणजे, शिकलेले तसेच गिरवीत राहण्यात आपली वाढ नाही, हेही तिने ओळखले. आणि तिसरी गोष्ट अशी की, ज्या अजिंठ्याचे तिने नाव घेतले तो तिने तोवर प्रत्यक्ष पाहिलेलाच नव्हता. ध्येय तिने आधी शब्दांत मांडले. त्याची कसोटी अजून लागावयाची होती.

परतल्यानंतर

१९३४ च्या अखेरीस अमृता भारतात आली. हिवाळ्याचे दिवस होते. प्रवासी कंपन्यांच्या भिंतीपत्रकांवर दिसणारा झगझगीत भारत तिला दिसला नाही. दिसली ती पिवळसर करडी, दूरवर पसरलेली जमीन आणि तिच्यावरून निमूटपणे वावरणारी सावळी, कृश, उदास चेहऱ्याची माणसे. आपण काय रंगवावयाचे हे तिने तेथेच ठरविले. भारतातील गरीब माणसांचे जीवन चित्रातून उलगडावयाचे. मात्र त्यांच्या दुःखाचे भांडवल करावयाचे नाही आणि छायाचित्रासारखी नक्कलही उतरावयाची नाही. त्यासाठी स्वतःचे असे तंत्र घडवावयाचे, जे जुन्या परंपरेची पुनरावृत्ती नसेल, पण ज्याचा आत्मा भारतीय असेल. आपल्या कलेच्या विकासाविषयी लिहिताना पुढे तिने हे उद्दिष्ट स्पष्टपणे मांडले आहे.

१९३५ मध्ये सिमल्यास राहून तिने ‘तीन मुली’, ‘पहाडी पुरुष’, ‘पहाडी स्त्रिया’ ही चित्रे रंगविली. ‘तीन मुली’ या चित्रात काही घडत नाही. तिघी जणी एकमेकींजवळ बसल्या आहेत, कोणी बोलत नाही, कोणी पाहणाऱ्याकडे बघत नाही. आपल्या आयुष्याचे निर्णय दुसरे कोणी घेणार आहे, हे ठाऊक असलेल्या मुलींची ती स्तब्धता आहे. एवढेच सांगण्यासाठी तिने वस्त्रांचे मोठे, सलग रंग आणि चेहऱ्यांची मोजकी वळणे वापरली. पॅरिसमध्ये शिकलेला छायाप्रकाशाचा पुष्कळसा सोस येथे गळून पडलेला दिसतो.

या वाटेवर सुखाचे स्वागत झाले नाही. त्याच वर्षी सिमल्याच्या कलासंस्थेने प्रदर्शनासाठी पाठविलेल्या तिच्या चित्रांपैकी काही नाकारली आणि एका चित्राला पारितोषिक दिले. अमृताने ते पारितोषिक परत केले. तिच्या या कृतीत तरुणपणीचा ताठा होता असे कोणी म्हणेल. परंतु पॅरिसच्या पदकानंतर नव्याने धडपडू लागलेल्या कलावतीला आपली नवी चित्रेच नाकारली गेल्याचे शल्य अधिक होते, हेही लक्षात घेतले पाहिजे.

अजिंठ्याचा धडा

नोव्हेंबर १९३६ मध्ये ती मुंबईस आली. ताजमहाल हॉटेलात तिच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. येथेच कायदेपंडित आणि कलासमीक्षक कार्ल खंडालावाला यांच्याशी तिचा स्नेह जुळला. आपल्या चित्रांविषयी ती पुढे त्यांना मोकळेपणाने लिहीत असे. मुंबईहून ती वेरूळ आणि अजिंठा पाहावयास गेली. पत्रात लिहिलेल्या ध्येयाची कसोटी आता लागणार होती.

अजिंठा कलाविद्यार्थ्यांना तोपर्यंत अपरिचित होता असे नाही. १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह तेथे येऊन भित्तिचित्रांच्या प्रतिकृती तयार केल्या होत्या. अंधाऱ्या लेण्यांत, उन्हाळा टाळून, हंगामामागून हंगाम हे काम चालले. त्यांतील अनेक प्रतिकृती १८८५ मध्ये लंडनमध्ये लागलेल्या आगीत नष्ट झाल्या. त्यापूर्वी मेजर रॉबर्ट गिल यांनी केलेल्या बहुतेक प्रतिकृतींचीही १८६६ मध्ये अशीच राख झाली होती. त्या विद्यार्थ्यांच्या परिश्रमांचे मोल मोठे आहे. प्रतिकृती करताना हात जे शिकतो ते नुसत्या पाहण्याने शिकता येत नाही.

अमृता मात्र प्रतिकृती करावयास आलेली नव्हती. अजिंठ्याच्या चित्रकारांनी आपले प्रश्न कसे सोडविले, हे तिला पाहावयाचे होते. खडकावर मातीचा, त्यात तूस आणि तंतू मिसळलेला गिलावा. त्यावर पांढरा पातळ लेप. तो वाळल्यानंतर गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी असे मोजके रंग आणि दूरदेशीहून आलेली मौल्यवान निळाई, एवढी त्यांची सामग्री. एवढ्यात त्यांनी राजवाडे, अरण्ये, मिरवणुका आणि अपार करुणा उभी केली. पहिल्या लेण्यातील पद्मपाणीचे मुख पाहावे. एका बाजूने पडणारा प्रकाश आणि दुसऱ्या बाजूची गडद सावली यांच्या आधारे ते घडविलेले नाही. भुवईची, पापणीची आणि ओठांची रेषा ते काम करते. सावळी कांती तेथे उजळ रंगांच्या शेजारी ठेवली आहे आणि दोन्ही एकमेकांना उठाव देतात. गर्दीतील माणसे मानांच्या कलांनी आणि नजरांनी एकमेकांशी बांधलेली आहेत.

भारतात आल्यापासून दुसऱ्या कोणाच्या कामापासून आपण प्रथमच काही शिकलो, अशी कबुली अमृताने या भेटीनंतर एका पत्रात दिली. पॅरिसचे सुवर्णपदक मिळविलेल्या, सिमल्याचे पारितोषिक परत पाठविणाऱ्या मानी मुलीने ही कबुली द्यावी, यातच तिची खरी वाढ दिसते. दोन वर्षांपूर्वी तिने अजिंठ्याचे नाव आदराने घेतले होते. आता तिने त्याच्यापुढे विद्यार्थ्याची बैठक घेतली.

तेथून हैदराबादमार्गे ती दक्षिणेत गेली. त्रिवेंद्रम, कन्याकुमारी पाहिली, कोचीनजवळच्या मट्टानचेरी राजवाड्यातील भित्तिचित्रे अभ्यासिली. परतल्यावर १९३७ मध्ये तिने ‘वधूचा शृंगार’, ‘ब्रह्मचारी’ आणि ‘बाजारास निघालेले दक्षिणेतील ग्रामस्थ’ ही तीन मोठी चित्रे पूर्ण केली. ‘ब्रह्मचारी’ या चित्रात पाच तरुण बटू ओळीने बसले आहेत. पांढरी धोतरे, सावळे देह आणि त्यांच्यामधील शांतता यांपलीकडे त्यात फारसे काही नाही. तरी भिंतीवरच्या चित्राचे गांभीर्य त्याला लाभले आहे. अजिंठ्याची एकही आकृती उचललेली नसताना अजिंठ्याचा संस्कार जाणवावा, हे या चित्रांचे वैशिष्ट्य. याच वर्षी ‘तीन मुली’ या चित्राला बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले.

अपुरा राहिलेला प्रवास

ध्येय सापडले म्हणजे मार्ग सोपा होतो असे नाही. चित्रांना गिऱ्हाइके थोडी होती. १९३८ मध्ये तिचा विवाह डॉक्टर व्हिक्टर एगान यांच्याशी झाला आणि पुढे उत्तर प्रदेशातील गोरखपूरजवळच्या सराया येथे, घराण्याच्या जमीनदारीच्या गावी, दोघे राहू लागली. तेथील एकाकीपणात तिचे काम मधूनमधून थांबले. तरीही ती शिकतच राहिली. आता ती मोगल आणि पहाडी लघुचित्रांकडे वळली होती. त्यांतील उत्कट रंग आणि बारीकसारीक जीवनदर्शन ‘हळद कुटणाऱ्या स्त्रिया’ यांसारख्या १९४० च्या चित्रांत उतरले आहे. १९४१ मध्ये ती लाहोरला गेली. तेथे तिच्या चित्रांचे प्रदर्शन भरावयाचे होते. परंतु अल्पशा आजाराने ५ डिसेंबर १९४१ रोजी, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, तिचा मृत्यू झाला. शेवटचे चित्र अपुरे राहिले.

परतल्यानंतर तिला केवळ सात वर्षे मिळाली. आज तिच्या चित्रांचा मोठा संग्रह नवी दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे. १९७२ च्या कायद्याखाली तिची चित्रे राष्ट्राचा कलानिधी म्हणून जाहीर झाली आणि ती देशाबाहेर नेण्यास मनाई आहे. ‘पहाडी स्त्रिया’ या चित्राचे टपाल तिकीट १९७८ मध्ये निघाले. २०२३ मध्ये तिच्या १९३७ मधील एका चित्राला लिलावात ६१.८ कोटी रुपये आले. हे सर्व तिच्या पश्चात घडले. ज्या काळात ती काम करीत होती त्या काळात तिच्याजवळ होते ते आपल्या ध्येयाचे स्पष्ट भान आणि ते पुन्हा पुन्हा तपासून पाहण्याची तयारी.

शिक्षकांपुढील कार्य

या चरित्रापासून कलाशिक्षकांनी काय घ्यावे? प्रत्येक विद्यार्थी अमृता होणार नाही आणि त्याची आवश्यकताही नाही. तिला घरची अनुकूलता होती; परदेशात शिकण्याची संधी होती. ग्रामीण भागातील शाळेत रंगपेटीसाठी अडून बसलेल्या मुलामुलींना ती कोठून मिळावयाची? तथापि तिच्या वाढीला जी तीन कारणे झाली, त्यांपैकी एकही पैशाने विकत घ्यावे लागत नाही.

पहिले कारण म्हणजे समोरचे माणूस पाहून काढण्याची सवय. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांच्या तयारीत नमुन्याबरहुकूम काढण्यावर भर राहणे स्वाभाविक आहे. त्याबरोबरच आठवड्यातून एकदा तरी घरातील आजी, बाजारातील विक्रेता, गोठ्यातील बैल पाहून काढण्यास सांगितले, तर नजर तयार होते. दुसरे कारण म्हणजे आपल्या वाढीचा स्वतः लेखी आढावा घेणे. आपण काय शिकलो, कोणते चित्र फसले आणि का फसले, पुढे काय काढावेसे वाटते, हे विद्यार्थ्याने वर्षाअखेरीस एका पानावर लिहावे. त्याला गुण देऊ नयेत. ते जपून ठेवावे आणि पुढच्या वर्षी त्याच्यापुढे ठेवावे. आपल्याच शब्दांशी आपले काम ताडून पाहण्यासारखे दुसरे शिक्षण नाही.

तिसरे कारण म्हणजे थोर कलाकृतींचे प्रत्यक्ष दर्शन. या बाबतीत महाराष्ट्रातील विद्यार्थी भाग्यवान आहेत. अमृताला जे पाहण्यासाठी खंड ओलांडावा लागला ते छत्रपती संभाजीनगरापासून सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. सहल नेताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात. आणि एका दिवसात सर्व लेणी धावत पाहण्यापेक्षा दोनच लेण्यांत बसून एका भिंतीची शांतपणे ओळख करून घेणे अधिक फलदायी ठरते. ज्यांना तेथवर जाणे शक्य नाही त्यांनी जवळपास शोध घ्यावा. वाईजवळच्या मेणवलीच्या वाड्यात जुनी भित्तिचित्रे आहेत. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर वारली स्त्रियांनी लग्नसमयी रेखाटलेले चौक आहेत. गावच्या जुन्या देवळातील किंवा वाड्यातील चित्रांवर चुना फासला जाऊ नये, याची काळजी ग्रामपंचायतींनी घेतली, तर त्या भिंतीही शाळेच्या उपयोगी पडतील.

सप्टेंबर १९३४ मधील त्या पत्रात एका मुलीने आपल्या वडिलांना एवढेच पटवून देण्याचा प्रयत्न केला होता की, आपण काय शिकलो आणि आता कोठे जावयाचे हे आपल्याला कळले आहे. वडिलांनी अखेर तिला येऊ दिले. पुढे तिची जी चित्रे झाली, ती त्या संमतीतून झाली. आपल्या वर्गातील एखादा विद्यार्थी असाच काही सांगू पाहत असेल; त्याचे शब्द अडखळते असतील, तुलना अतिशयोक्त असतील. ते ऐकून घेण्याइतका वेळ शिक्षकाने आणि पालकाने काढला पाहिजे.